संधानपात्रातील अदृश्य वस्ती

आसवारिष्टांची निर्मिती करणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. पाठ तोच, माप तेच, काढा एकाच कढईतला आणि हातही तोच. परंतु एका पात्रातील दशमूलारिष्ट महिन्याभरात स्वच्छ निवळते, सुगंधी होते, आणि शेजारच्या पात्रातील द्रव मात्र आंबट, गढूळ होऊन फेकून द्यावा लागतो. आपण ऋतूस दोष देतो, गुळास देतो, क्वचित नोकरासही देतो. पात्राच्या आत नेमके कोण काम करीत होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

मलाही तो प्रश्न पडला तो नुकसान झाल्यावरच. आमच्या लहानशा औषधशाळेत वडिलांच्या वेळेपासूनची चार सागवानी पिंपे होती. ती जुनी झाली, तपासणीच्या वेळी दाखविण्यास संकोच वाटू लागला, म्हणून त्यांच्या जागी पोलादी टाक्या आणल्या. कॉस्टिक सोड्याने धुतल्या, उकळत्या पाण्याने विसळल्या आणि मोठ्या समाधानाने संधान घातले. आठ दिवस गेले, दहा गेले. कान लावला तर आतून चकार शब्द नाही. बाराव्या दिवशी झाकण काढले तेव्हा पृष्ठभागावर पांढरी साय धरली होती आणि वास शिरक्याचा. त्या हंगामातील तीन घाणे गेले. आमच्याकडे तीस वर्षे काम करणारे एक काका एवढेच म्हणाले, "पिंप बदललंत वैद्यबुवा, आतलं बिऱ्हाड उठलं." त्या वेळी मी हसलो होतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या पिंपाच्या फटीतील गाळ पाहिला तेव्हा ध्यानात आले, की काकांनी केलेले निदान अक्षरशः खरे होते.

लाकूड आणि माती हे सच्छिद्र पदार्थ आहेत. वर्षानुवर्षे ज्या पात्रात संधान होते त्याच्या छिद्रांतून, सांध्यांतून, तळाशी बसलेल्या थरातून किण्वकारक जीवांची एक स्थायी वसाहत तयार झालेली असते. नवा घाणा घातला की ही वसाहत त्यात उतरते आणि इतर आगंतुकांना पाय रोवण्यास अवसर मिळण्यापूर्वीच कामास लागते. पोलादी टाकीत अशी वस्ती राहत नाही. तो तिचा दोष नव्हे, गुणच आहे. पण मग बीज अन्यत्र कोठून तरी यावयास हवे, हे आम्ही विसरलो होतो.

बीज येते कोठून?

अरिष्टाचा क्वाथ उकळलेला असतो, म्हणजे त्यात जिवंत असे फारसे काही उरत नाही. आसवात औषधे न उकळता घेतात, त्यामुळे वनस्पतींबरोबर आलेली जीवसृष्टीही पात्रात उतरते. दोन्ही कल्पनांत समान असे बाकीचे मार्ग म्हणजे गूळ, मध, प्रक्षेपद्रव्ये, धातकीपुष्पे, पात्र आणि माणसाचे हात. गूळ तयार होताना उकळलेला असला तरी साठवणीत ओलावा धरतो आणि त्यावर साखरप्रिय यीस्ट वाढतात. मधातही अशी यीस्ट असतात. मध पाणीदार असेल तर तो आपोआप फसफसतो तो त्यांच्यामुळेच. द्राक्षासवातील मनुका आणि पार्थाद्यरिष्टातील मोहाची फुले ही तर यीस्टची माहेरघरेच होत. यीस्टची पेशी साधारणपणे ५ ते १० मायक्रोमीटर असते, म्हणजे चारशेपट मोठे दाखविणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ती स्पष्ट दिसते. लेव्हेनहुक याने बिअरमधील या पेशी १६८० मध्ये प्रथम पाहिल्या, परंतु त्या सजीव असून त्यांच्यामुळेच मद्य होते हे लुई पाश्चरच्या १८५७ ते १८६० या काळातील कामामुळे शास्त्रज्ञांत मान्य होऊ लागले. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर याने पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखरेचे मद्य होते हे दाखविले, आणि विकरांचा म्हणजे एन्झाइमांचा विचार सुरू झाला.

आता धातकीविषयी. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर हिवाळा सरताना धायटी तांबड्या फुलांनी भरून जाते, आणि ती फुले वाळवून आपल्याकडे येतात. फुलातील मधुरसात यीस्ट असते आणि तेच संधान घडविते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. मीही शिकवीत असे. परंतु १९९३ मध्ये 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात क्रोस आणि त्यांच्या नेदरलँड्स व श्रीलंकेतील सहकाऱ्यांचे निंबारिष्टावरील काम प्रसिद्ध झाले, ते या समजुतीस छेद देणारे आहे. ज्या नमुन्यांत धातकीपुष्पे घातली होती त्यांतच मद्यार्काचे प्रमाण लक्षणीय वाढले, हे त्यांना आढळले. इथपर्यंत परंपरेस पुष्टीच मिळाली. मात्र मद्यार्क निर्माण करणाऱ्या जीवांचे उगमस्थान ही फुले नव्हेत, असाही त्यांचा निष्कर्ष होता. फुलांत इक्षुशर्करेचे विघटन करणारे विकर आहे, आणि अरिष्टाच्या व्याधिक्षमत्वविषयक क्रियेत जी वाढ दिसली ती जीवांमुळे नसून फुलांतूनच उतरलेल्या घटकांमुळे आहे, असेही त्यांनी नोंदविले.

याचा अर्थ फुलांवर यीस्ट कधीच नसते असा करण्याचे कारण नाही. ताज्या फुलावर, ओलसर साठ्यात ती असतेच. पण दोन वर्षे गोदामात पडलेल्या, कडकडीत वाळलेल्या फुलांच्या भरवशावर संधान घालणे म्हणजे पेरणी न करता शेत नांगरून ठेवणे होय. फूल जीवांसाठी अन्न पुरविते, गुळातील शर्करा फोडून देते, कषाय घटक देते. बीज मात्र इतरत्र कोठून येते आहे हे निर्मात्यास ठाऊक असले पाहिजे.

आणि ते आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होते. शार्ङ्गधराने सुरेचे थर सांगताना वरच्या स्वच्छ प्रसन्नेपासून कादंबरी, जगल, मेदक अशी उतरंड लावली आणि किण्वास सुराबीज म्हटले. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व तयार करण्याचा स्वतंत्र विधी आहे, त्यात माष आणि तांदूळ प्रमुख आहेत. ज्यांच्या घरी इडली होते त्यांनी या जोडीकडे पुन्हा एकदा पाहावे. उडीद आणि तांदळाचे पीठ फुगते ते मुख्यत्वे ल्यूकोनोस्टॉक मेसेन्टरॉइडिस या जिवाणूमुळे, जो उडदाबरोबरच येतो. म्हणजे किण्वामध्ये केवळ यीस्ट नव्हे, तर एक मिश्र समाजच एका पात्रातून दुसऱ्यात नेला जात असे.

साखरेचे कुंपण

पात्रात शिरणाऱ्या प्रत्येक जीवास तेथे राहता येत नाही. त्याचे पहिले कारण साखर. प्रमाण सांगितलेले नसेल तेव्हा द्रव एक द्रोण, गूळ एक तुळा, मध गुळाच्या निम्मा आणि प्रक्षेप गुळाचा दहावा भाग घ्यावा, हा शार्ङ्गधराचा नियम आपल्या सर्वांस पाठ आहे. पल ४८ ग्रॅम धरल्यास द्रोण १२.२८८ किलो, तुळा ४.८ किलो, मध २.४ किलो आणि प्रक्षेप ४८० ग्रॅम येतो. गुळातून सुमारे ४ किलो आणि मधातून सुमारे १.९ किलो शर्करा मिळते. सर्व मिळून साधारण १७ लिटर द्रव होईल, म्हणजे शर्करा शेकडा ३५ च्या जवळ जाते.

एवढ्या दाट द्रवात बहुतेक जीवांच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. साधी यीस्टही तेथे दमते. द्राक्षमद्यासाठी जो रस घेतात त्यात शर्करा शेकडा २० ते २५ असते, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. मग ग्रंथोक्त पाठ चुकला काय? मुळीच नाही. प्रस्थापासून पुढील मापांत द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावीत, परंतु तुळेस हा नियम लावू नये, असे शार्ङ्गधराने पूर्वखंडातच सांगून ठेवले आहे. त्याप्रमाणे द्रव दोन द्रोण, म्हणजे २४.५७६ लिटर घेऊन गूळ मात्र एक तुळाच ठेवला, तर एकूण द्रव सुमारे २९ लिटर होतो आणि शर्करा शेकडा २० वर येते. संधानास हीच योग्य घनता आहे. द्रवद्वैगुण्याचा प्रश्न म्हणजे पंडितांचा वाद, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. माझ्या पाहण्यात आलेली अनेक 'न उठलेली' संधाने केवळ एकेरी द्रवाची होती.

बिऱ्हाडे बदलतात

संधान सुरू झाले की पात्रात एकच एक जीव राहत नाही. वस्ती पालटत जाते. फळांच्या रसाच्या नैसर्गिक संधानात हा क्रम फार चांगला अभ्यासिला गेला आहे, आणि आपल्या पात्रास तो बऱ्याच अंशी लागू पडतो. आरंभी हॅन्सेनियास्पोरासारखी रानटी यीस्ट जोमाने वाढतात. त्यांच्याबरोबर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात, त्यामुळे द्रवाची आम्लता वाढते आणि रोगकारक जिवाणूंस तेथे राहणे कठीण होते. मद्यार्क शेकडा चार-पाच झाला की रानटी यीस्ट माघार घेऊ लागतात आणि सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचे राज्य येते. शेवटी तीही आपणच निर्माण केलेल्या मद्यार्कात थकते, तळाशी बसते, आणि वरचा द्रव निवळतो. आपण ज्यास जातरस म्हणतो ती ही अवस्था. शर्करा शिल्लक राहते, म्हणूनच अरिष्ट गोड लागते.

जातलक्षणे तपासण्याच्या जुन्या रीती या वस्तीच्या हालचालींचेच निरीक्षण होय. कान लावून येणारा खसखस आवाज हा कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांचा. प्रक्षेपद्रव्ये वर तरंगतात ती त्यांना चिकटलेल्या वायूमुळे, आणि वायू थांबला की ती तळाशी जातात. तोंडाशी नेलेली काडी विझते, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने पात्राच्या पोकळीत साठून राहतो. येथे विषयांतराचा दोष पत्करून एक सांगतो. काडी विझते तेथे माणूसही गुदमरतो. मोठ्या टाक्या रिकाम्या केल्यावर लगेच कामगारास आत उतरवू नये. पंख्याने हवा खेळवावी, काडी तळापर्यंत जळते याची खात्री करावी आणि एक माणूस बाहेर उभा ठेवावा.

उष्णतेचेही तसेच. पात्र धान्यराशीत किंवा तुसात ठेवण्याने तापमान दिवसरात्र सारखे राहते. २५ ते ३५ अंश सेल्सिअस हा पल्ला यीस्टला मानवतो, ४० च्या वर ती मरू लागते. लहान घड्यात तुसाची ऊब उपकारक ठरते, परंतु पाचशे लिटरच्या टाकीत संधानाची स्वतःचीच उष्णता साठते आणि तेथे ऊब नव्हे तर गारवा द्यावा लागतो. ग्रंथातील पद्धती ज्या आकाराच्या पात्रासाठी सांगितली, तो आकार आपण बदलला आहे हे विसरता कामा नये.

यीस्टला आरंभी थोडी हवाही लागते. पेशीभित्तीलगतच्या पटलासाठी लागणारी स्टेरॉल नावाची द्रव्ये ती प्राणवायूशिवाय तयार करू शकत नाही. पात्र चतुर्थांश रिकामे ठेवण्याची पद्धत आणि काही घराण्यांत संधान उठल्यावरच संधिबंधन करण्याची रीत या दोहोंचे मर्म येथे सापडते. पण संधान संपल्यावर हीच हवा शत्रू होते.

नको असलेले पाहुणे

मद्यार्क तयार आहे आणि हवा मिळते आहे, अशा जागी ॲसिटोबॅक्टर हा जिवाणू येतो आणि मद्यार्काचे शुक्ताम्ल करतो. बिघडून आंबट झालेले मद्य किंवा मधुर द्रव म्हणजे चुक्र, हे शार्ङ्गधरानेच सांगितले आहे. संधिबंधनाची कापडमाती तडकली, गाळताना द्रव दिवसभर उघडा राहिला, अर्धी भरलेली बरणी महिनाभर तशीच पडली, की हा पाहुणा आलाच. माझ्या त्या तीन घाण्यांत बीज नसल्याने रिकाम्या घरात प्रथम पृष्ठभागी वाढणारी यीस्ट आणि मागोमाग हाच शिरला.

दुसरा पाहुणा ल्यूकोनोस्टॉक, तोच इडलीतला. पिठात तो मित्र, परंतु इक्षुशर्करेच्या द्रवात तो डेक्स्ट्रान नावाचे चिकट द्रव्य तयार करतो. गाळताना द्रवाची तार धरली, कापड तुंबले, तर त्याचा संशय घ्यावा. ऊस तोडून गाळपास उशीर झाला की रस बुळबुळीत होतो तोही याच्यामुळे. म्हणून गूळ निवडताना रंगाआधी वास आणि कोरडेपणा पाहावा.

गुळाविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बाजारात पिवळाधमक गूळ हवा म्हणून रसात हायड्रॉस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याचा प्रघात पडला. त्यापासून गुळात सल्फाइट राहते. द्राक्षमद्य करणारे लोक रानटी जीव दाबून टाकण्यासाठी मुद्दाम जे द्रव्य वापरतात, तेच हे. म्हणजे आपण संधानासाठी गूळ घालतो आणि त्याबरोबर संधानरोधकही घालतो. आमच्या औषधशाळेत तेव्हापासून काळपट, रसायनविरहित गूळच घेतला जातो. तो दिसण्यास साधा आणि दरास थोडा चढा आहे.

तिसरा पाहुणा औषधविक्रेत्यांच्या ओळखीचा असेल, नाव ठाऊक नसले तरी. कपाटात ठेवलेल्या बाटलीचे झाकण फुगते, उघडताच फेस उसळतो, क्वचित बाटली फुटतेही. हा बहुधा झायगोसॅकॅरोमायसिस. या गटातील यीस्ट दाट साखरेत राहतात, आणि त्यांतील बेली ही जाती तर सोडियम बेंझोएटलाही फारशी जुमानत नाही. त्यामुळे 'परिरक्षक दुप्पट घाला' हा सल्ला येथे निरुपयोगी. त्याचा मार्ग म्हणजे संधान पूर्ण होऊ देणे, नीट गाळणे आणि बाटल्या स्वच्छ असणे. घाईने अर्धवट संधानाचा माल भरला की शिल्लक काम बाटलीत सुरू होते. अशी बाटली परत आली तर विक्रेत्याने ती निमूटपणे बदलून न देता घाणा क्रमांकासह निर्मात्यास कळवावे. तो उपकार होईल.

बेकरीचे यीस्ट आणि आपले किण्व

हल्ली अनेक ठिकाणी बेकरीचे कोरडे यीस्ट घालून आठ दिवसांत संधान उरकतात. ते धर्मबाह्य आहे असे मी म्हणणार नाही. सॅकॅरोमायसिस ती हीच. परंतु हे वाण पिठात झपाट्याने वायू करण्यासाठी निवडलेले असते. कषाय द्रव्यांनी भरलेल्या काढ्यात, वाढत्या मद्यार्कात तग धरण्यासाठी ते निवडलेले नसते. शिवाय संधान म्हणजे केवळ मद्यार्क नव्हे. कषाय रसातील मोठे टॅनिन रेणू फुटून गॅलिक व एलॅजिक आम्ले सुटी होणे, शर्करेशी बांधलेले घटक मोकळे होणे, या क्रियांना वेळ लागतो आणि मिश्र वस्तीतील निरनिराळ्या जीवांची विकरे त्यांस हातभार लावतात. आठ दिवसांत मद्यार्काचा आकडा जुळेल. महिन्याने जो रस आणि गंध येतो तो मला त्या मालात कधी मिळालेला नाही. ज्यांना मिळाला असेल त्यांनी या अंकातून अवश्य लिहावे.

आम्ही जो मार्ग धरला तो जुनाच आहे. उत्तम उतरलेल्या घाण्याचा तळगाळ, वरचा द्रव काढल्यावर त्याच दिवशी, स्वच्छ काचेच्या बरणीत घेतो. दशमूलारिष्टाचे बीज दशमूलारिष्टासच वापरतो. वापरण्यापूर्वी एक थेंब मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. मृत यीस्ट निळी होते, जिवंत पेशी रंगहीन राहते. निळ्या पेशींचे प्रमाण निम्म्यावर गेले, किंवा यीस्टच्या मानाने फारच बारीक असे काड्यांसारखे वा साखळीसारखे जिवाणू गर्दी करून दिसले, तर ते बीज टाकून देतो. जे चालते ते थोड्या कोमट गूळपाण्यात एक रात्र जागे करून मुख्य पात्रात घालतो. काढा तोवर ३५ अंशांच्या खाली आलेला असला पाहिजे. तो गरम असतानाच बीज ओतण्याची चूक आमच्याकडेही एकदा झालेली आहे.

एक ब्रिक्समापक, एक तापमापक आणि एक जुना विद्यार्थ्यांचा सूक्ष्मदर्शक एवढे साहित्य पुरते. दर तिसऱ्या दिवशी ब्रिक्सचा आकडा वहीत लिहितो. तो उतरत असेल तर आत काम चालू आहे. पाच-सहा दिवस हलला नाही तर प्रथम तापमान, मग गूळ, मग बीज या क्रमाने शोध घेतो. मद्यार्क तयार झाल्यावर या मापकाचा आकडा शर्करेचे प्रमाण बिनचूक दाखवीत नाही, म्हणून तो केवळ चढउतार समजण्यासाठी वापरावा. अंतिम परीक्षण प्रयोगशाळेतच करून घ्यावे.

पोलादी टाक्या अजून आहेत आणि त्या उत्तम काम देतात. जुन्या चार पिंपांपैकी एक मात्र आम्ही मोडीत काढले नाही. त्यात दर हंगामी दशमूलारिष्टाचा एक लहान घाणा घालतो, आणि त्याचा तळगाळ बाकीच्या टाक्यांस बीज म्हणून जातो. काका आता निवृत्त झाले आहेत. पण पिंप उघडण्याच्या दिवशी त्यांना आम्ही बोलावतो, आणि कान लावण्याचा मान त्यांचाच असतो.